उपसागरातलं शहर

१

बंगालच्या उपसागरात एका रात्रीत शहर उगवलं होतं. तेही लहानसहान नाही, चांगलं वीस लाख वस्तीचं.

विशाखाबाईंचं बोट पुरीच्या किनाऱ्यावरून सहज पुढं सरकलं होतं. नकाशाची शेवटची तपासणी चालली होती. काश्मीर झालं, आसाम झालं, सगळा देश पालथा घालून झाला की समुद्रावर बोट टेकवायला बाईंना बरं वाटायचं. समुद्र म्हणजे नुसता गुळगुळीत पत्रा. त्या गुळगुळीतात मधेच बोटाला खिळा लागला. बाईंनी हात मागं घेतला, पुन्हा ठेवला. खिळा होताच.

"अगं बाई!" त्या म्हणाल्या, आणि त्यामागून शाळेच्या आवारात शोभणार नाही असा एक शब्द त्यांनी हळूच उच्चारला.

आता हा नकाशा काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. पडेगावच्या अंध विद्यालयातल्या मोठ्या खोलीत, लोखंडी चौकटीत उभा केलेला हा भारत. बोटांनी वाचायचा. राज्यांच्या सीमा म्हणजे बारीक उठावाच्या टिंबांच्या ओळी, डोंगर खरखरीत, समुद्र सपाट. आणि शहरं म्हणजे पितळी खिळे. पत्र्याच्या मागून टोचून पुढं काढलेले, टोकं घासून गोल केलेली. वस्ती जितकी जास्त तितका खिळा लांब. मुंबईवर बोट ठेवलं की पोरं "आई गं, केवढी!" म्हणून ओरडत, आणि राजस्थानच्या वाळवंटात गेलं की बोट कितीतरी वेळ मोकळंच फिरे. माणसं कुठं दाटीनं राहतात आणि कुठं विरळ, हे भूगोल शिकवणाऱ्या, स्वतःही अंध असलेल्या बाई आयुष्यभर वर्गात घसा फोडून सांगत आल्या होत्या. या पत्र्यानं ते पोरांना एका दुपारी समजावलं.

लाखाखालच्या वस्तीला खिळा नाही, असा नियम होता. नाहीतर देशाचं साळिंदर झालं असतं.

दुपारी पुण्याहून समिती येणार होती. नकाशा पसंत पडला तर राज्यातल्या सगळ्या अंधशाळांसाठी असे नकाशे इथंच बनणार, आणि ते तपासायची पक्की नोकरी श्रेयाला मिळणार, असं ठरलं होतं. श्रेया पाचोडची. जन्मापासून दृष्टी नाही. सहा वर्षांची असताना या शाळेत आली आणि आता इथंच कामाला लागली होती. या नकाशावरचा एकूण एक खिळा तिच्या हातचा.

म्हणूनच मुख्याध्यापक सर्जेराव सरांनी समुद्रातला खिळा पाहिला, तेव्हा त्यांचा पारा तिच्यावरच चढला.

"हिच्याशिवाय खिळ्यांना हात कोण लावतंय?" ते गरजले. "समिती दारात यायला झाली आणि ही पोरगी समुद्रात शहरं वसवायली!"

"सर, मी नाय ठोकला," श्रेया म्हणाली.

"मग काय पुरीच्या देवानं ठोकला? लई झालं. सामान बांध. दुपारच्या आत पाचोडची गाडी धर."

दारापाशी कुणीतरी उभं होतं, चपलेची हालचाल बाईंना ऐकू आली.

"खिळा उपटून भोक बुजवलं तर?" बाईंनी विचारलं.

"एक सापडला तो उपटाल. आणखी किती खोटे असतील? एक खोटा निघाला की बाकीच्या सगळ्यांवरचा भरवसा उडाला."

हे मात्र सर खरं बोलत होते. बाईंनाही तेच टोचत होतं. हा खिळा कुणी आणि का ठोकला ते कळल्याशिवाय नकाशा समितीपुढं ठेवायची सोय नव्हती.

"समिती येईपर्यंत मला वेळ द्या," त्या म्हणाल्या. "तोवर खिळ्याला कुणी हात लावायचा नाही. श्रेयाच्या सामानालाही नाही."

सर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. ते बाईंनी होकार म्हणून धरलं. बाईंपुढं सरांचं फारसं चालत नसे, हे पडेगावात सगळ्यांना ठाऊक होतं.

सर गेल्यावर श्रेयानं बाईंचा हात धरला. तिचे हात गार पडले होते.

"बाई, मी परत गेले की गावात पुन्हा आंधळी पोरगी होणार बघा. समदे तशीच हाक मारतेत. इथं मला श्रेया म्हणतेत."

बाईंनी तिचे हात चोळले. पण रडत बसायला वेळ कुणाला होता?

२

बाई आधी नकाशाच्या मागच्या बाजूला गेल्या.

मागची बाजू म्हणजे कामाची बाजू. प्रत्येक खिळ्याचं चपटं डोकं तिथं पत्र्याला टेकलेलं आणि त्यावर लाख वितळवून घट्ट बसवलेली. लाखेचा हाताला लागणारा कडक, काचेसारखा स्पर्श बाईंना पाठ होता. त्यांनी नवा खिळा शोधला आणि डोक्यावरून बोट फिरवलं. बोट चिकटलं.

त्यांनी वास घेतला. गोडसर, पाकिटाच्या पट्टीला येतो तसा.

"डिंक," त्या म्हणाल्या. "श्रेया, डिंक कुणी वापरतं का गं इथं?"

"छे! डिंकानं खिळा राहतोय व्हय? चार पोरांनी हात फिरवला की निसटंल."

"खिळ्यांचा डबा आण."

डब्यात लहान-मोठे खण होते. लाखाचे खिळे, पाच लाखांचे, दहाचे, वीसचे, अशी उतरंड. प्रत्येक खणावर ब्रेलमध्ये चिठ्ठी. शाईचं एक अक्षर नाही, कारण इथं शाई वाचणारं गिऱ्हाईकच नव्हतं. श्रेयानं खण चाचपले. वीस लाखांच्या खणातला एक खिळा कमी होता.

"काल तू इथून कधी निघालीस?"

"चहाच्या घंटीला. खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात, दुसरी ऑफिसात टांगलेली असती."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय... वसतिगृहात होते. संध्याकाळी लाइट गेली म्हणून स्वयंपाकीण बोंबलायली होती. आपल्याला काय त्याचं? आपलं जेवण वेळेवर झालं."

बाई हसल्या. त्या सकाळी त्या पहिल्यांदाच हसल्या होत्या.

ऑफिसातल्या किल्लीपर्यंत तिघांचे हात पोचत होते. एक सर्जेराव सर, दुसरा ऑफिसातला कारकून आकाश. तिसरा इंद्रजीत, ज्यानं पत्रा घडवला तो उस्मानपुऱ्यातला कारागीर. तो काल चौकटीचे पाय घट्ट करायला आला होता आणि संध्याकाळी गेला होता. आणि गंमत म्हणजे नकाशा बिघडावा असं वाटायला दोघांकडं कारण होतं. सरांना मुळात तयार प्लॅस्टिकचे नकाशे विकत घ्यायचे होते, बाईंनी भांडून हा पत्रा करवून घेतला. आणि इंद्रजीतचं सरांशी गेल्याच आठवड्यात वाजलं होतं. नकाशाच्या कोपऱ्यात त्याला स्वतःचं नाव हवं होतं, सर नको म्हणाले.

राहिला आकाश. त्याच्याकडं कसलंच कारण दिसत नव्हतं. ज्याच्याकडं कारण नसतं त्याच्याकडं बाई जरा जास्तच लक्ष देत.

३

इंद्रजीतची स्कूटर फाटकातून आत आली ती खडखडतच.

"जय भीम, बाई. फोनवर सांगितलं ते खरंय का? समुद्रात खिळा?"

"जय भीम. हात लावून बघ. मागून."

इंद्रजीतनं बघितलं आणि त्याचा आवाज एकदम वर गेला. "अरे, ये क्या किया रे! बाई, हे कुण्या अडाण्याचं काम हाय. भोक टोच्यानं पाडलेलंच नाय, कात्रीचं टोक खुपसलंय. पत्रा चुरगळलाय बघा इथं."

"तुझं सरांशी भांडण झालं होतं."

"झालं होतं. पुन्हा होईल. नाव माझं पाहिजेच नकाशावर, का नको? पण म्हणून मी माझाच पत्रा फाडीन? बाई, या पत्र्यासाठी दोन महिने दुसरं काम घेतलं नाय मी. तुम्ही मला असं विचारायलात?"

तो खरोखर दुखावला होता. दुखावलेला आवाज आणि सोंग घेतलेला आवाज यांतला फरक बाईंना वेगळा करून सांगावा लागत नसे. तरी त्यांनी ते गृहीत धरलं नाही. आवाजावर निकाल द्यायचा नाही, हे त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

ऑफिसात आकाश समितीसाठी पाकिटं तयार करत बसला होता. दिवाळीनंतर लागलेला, शहरातला पोरगा, बोलायला गोड. टेबलावर पोलादी पट्टी ठेवली-उचलल्याचा खण्ण आवाज होत होता आणि सगळीकडं डिंकाचा वास भरला होता.

"बसा ना, बाई."

"उभी बरी आहे. काल तू नकाशाच्या खोलीत गेला होतास?"

"मी? मी कशाला जाऊ?" पट्टी खण्णकन खाली ठेवली गेली. "मला त्यातलं काय कळतंय? मला तर ब्रेलसुद्धा येत नाही. डब्यातला कुठला खिळा कितीचा, तेही वाचता येत नाही मला. विचारा कुणालाही."

"तेवढं मला माहीत आहे."

"बाई..." तो थांबला. "श्रेयाला खरंच काढणार का सर?"

"तसं म्हणतायत."

"पण तिची चूक असेल कशावरून?"

"तेच तर शोधतेय, बाबा."

बाई दारापर्यंत गेल्या, तेव्हा त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. "खरंच काढतील का हो?"

सर्जेराव सरांनी मात्र बाईंनाच उलट फैलावर घेतलं. "माझ्याही ऑफिसात डिंक आहे. म्हणजे आता मीच का चोर?"

"तुम्हाला प्लॅस्टिकचे नकाशे हवे होते, सर."

"हवे होते. अजूनही वाटतं, स्वस्तात पडले असते. पण विशाखाबाई, गेली कित्येक वर्षं मी या पोरांना हातात हात धरून ब्रेल पाटीवर लिहायला शिकवतोय. त्यांच्या नकाशात खोटं शहर घालीन मी?"

सर तापट होते, हेकट होते, पण हे बोलताना त्यांचा आवाज कापला. बाईंच्या डोक्यात त्या बोलण्यातला एक शब्द अडकून बसला होता. पाटी.

४

बाईंनी श्रेयाच्या शिवणाच्या डब्यातून दोरा मागवून घेतला.

"ऐक," त्या म्हणाल्या. "नुसता नकाशा बिघडवायचा असेल तर माणूस खिळा कुठंही ठोकतो. पण हा खिळा सरळ बसलाय. जागा नेमकी निवडून ठोकलाय. ज्यानं ठोकला त्यानं मोजून ठोकला. त्याला तिथं समुद्र नको होता, त्याला तिथं गाव हवं होतं."

"समुद्रात कुठलं आलंय गाव, बाई?"

"तेच बघू. तू समोर उभी राहा. दोऱ्याचं टोक पत्र्याच्या उजव्या कडेला धर."

त्यांनी दोरा उजव्या कडेपासून समुद्रातल्या खिळ्यापर्यंत ताणला आणि तिथं चिमटीत पकडला. मग तोच दोरा, तेवढाच, पत्र्याच्या डाव्या कडेला लावला. त्याच उंचीवर आत आत नेला. चिमूट महाराष्ट्रात आली. बाईंनी बोटानं आजूबाजूला चाचपलं. डावीकडं वर, अगदी जवळ, एक ओळखीचा खिळा होता. संभाजीनगर. चिमूट त्याच्यापासून एक बोट उजवीकडं आणि एक बोट खाली पडली होती.

श्रेयानंही तिथं बोट टेकवलं.

"संभाजीनगरच्या आग्नेयेला," बाई म्हणाल्या. "पैठण तालुक्यात. त्या बोटाखाली दुसरीही गावं येतील, पण या इमारतीत त्यातलं एकच नाव सारखं घेतलं जातं."

"पाचोड," श्रेया पुटपुटली.

"कुणीतरी पुढून माप घेतलं, डाव्या कडेपासून. मग मागं गेलं आणि पुन्हा डाव्या कडेपासून मोजून ठोकलं. पण मागं गेल्यावर आपलं डावं म्हणजे समोरचं उजवं होतं. म्हणून पाचोड उचलून थेट बंगालच्या उपसागरात जाऊन पडलं."

बाईंना मनातून फार बरं वाटलं. गणित सुटलं होतं. पण ते सुख टिकलं नाही, कारण दारातून टाळी वाजली.

"वा, विशाखाबाई, वा!" सर्जेराव सर होते, केव्हापासून ऐकत होते देव जाणे. "आता बोला! पाचोडची इथं एकटी हीच. स्वतःच्या गावाचा खिळा ठोकायला गेली आणि फसली. तुमच्याच तोंडून ठरलं. श्रेया, मोटारस्टँडला सोडायला रिक्षा बोलावतो."

बाईंच्या हातातला दोरा खाली पडला.

५

"रिक्षा बोलवा," बाई म्हणाल्या. "पण ती दहा मिनिटं थांबेल. आधी आकाशला आणि इंद्रजीतला इथं बोलवा. आणि प्रत्येकाच्या हातात एक जाड कागद आणि एक टोचणी द्या."

"आता हे काय नवीन?"

"सर, एवढं ऐका माझं. ऐकलं नाहीत तर तुमच्याआधी मी रिक्षात बसेन."

सगळे जमले. बाईंनी कपाटाला पाठ टेकली आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत बोलल्या.

"कागद उलटा धरा, पाठीमागची बाजू तुमच्याकडं. आता मागून असं टोचा की समोरून बघणाऱ्याला टिंब वरच्या उजव्या कोपऱ्यात लागेल. टोचा!"

टोचणी कागदात घुसल्याचा आवाज आला. श्रेयाचा जवळजवळ लगेच. त्यापाठोपाठ सरांचा, मग इंद्रजीतचा. आणि मग शांतता. ती शांतता लांबत गेली. शेवटी, फार उशिरा, एक दबकी टक् ऐकू आली.

"शेवटचा कागद माझ्याकडं द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद समोरून चाचपला. टिंब बरोबर होतं, उजवीकडंच. "बरोबर आहे. पण फार विचार करून. बाकीच्यांना विचार करावा लागला नाही. का? सर, तुम्ही सांगा. ब्रेल पाटीवर कसं लिहितात?"

"उलटं," सर म्हणाले. "कागदाच्या मागून, उजवीकडून डावीकडं टोचत जायचं. मग कागद उलटवला की पुढून सरळ वाचता येतं."

"म्हणजे आमच्या प्रत्येक अक्षराचं डावं-उजवं लहानपणापासून उलट्या हातानंच होतं. श्रेया सहा वर्षांची असल्यापासून मागून लिहितेय. ती झोपेतही ही चूक करणार नाही. पाचोड समुद्रात जाऊन पडणं हाच तिच्या बाजूचा पुरावा आहे, सर, तिच्या विरुद्धचा नाही. गावाचं नाव ऐकलंत आणि तुम्ही तिथंच थांबलात."

सरांनी हातातला कागद चुरगळला.

"तुम्हीही ती चूक करणार नाही, कारण तुम्ही पाटी शिकवता. इंद्रजीतचं सगळं काम मागच्या बाजूचंच, तोही नाही. आता दुसरी गोष्ट. पाचोडला वीस लाखांचा खिळा! अहो, बाजाराच्या दिवशी कितीही गर्दी होऊ दे, पाचोड काही नागपूरच्या पंगतीला बसत नाही. गावावर ज्याचं प्रेम आहे तोसुद्धा एवढा लांब खिळा घेणार नाही, जर त्याला खणावरची चिठ्ठी वाचता येत असेल तर. श्रेयाला येते. सरांना डोळ्यांनी ब्रेल वाचता येतं. इंद्रजीतनं तर खिळे स्वतः घासलेत. ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही त्यानं आपला एक बऱ्यापैकी दिसणारा खिळा उचलला." बाई थांबल्या. "आणि त्यानं सकाळी स्वतःहून मला सांगितलं, की त्याला ब्रेल येत नाही. सुटायला म्हणून सांगितलं. मी विचारलंही नव्हतं."

"टोचायला कात्री. चिकटवायला डिंक," इंद्रजीत हळूच म्हणाला. "ऑफिसचं सामान."

"आणि मोजायला पट्टी," बाई म्हणाल्या. "आकाश, तू काय म्हणतोस?"

६

आकाशचा आवाज फुटला तो रडवेला.

"तिला कळू नये म्हणून सांगितलं नव्हतं. सरप्राइज होतं. एकदा बोलता बोलता ती म्हणाली होती, अख्खा देश मी बसवला, पण त्यात माझं गाव नाय. मला वाईट वाटलं. म्हटलं, समितीसमोर ती हात फिरवेल आणि अचानक तिला तिचं पाचोड लागेल. पुस्तकातल्या नकाशात जागा बघितली, इथं पुढून पट्टीनं माप काढलं, मागं जाऊन ठोकला. तेवढ्यात लाइट गेली. पुढं येऊन बघावं तर काहीच दिसेना."

"हात फिरवायचास की!" श्रेया म्हणाली.

कुणालाच हसू आवरलं नाही, सरांनाही नाही. फक्त श्रेया हसली नव्हती. तिचा आवाज आकाशच्या दिशेनं वळला.

"आकाश, तू माझं गाव समुद्रात ठोकलंस, त्याचं काय नाय. माणूस चुकतंय. तुझ्या मनात चांगलंच होतं, ते बी कळलं. पण सकाळी सर मला सामान बांध म्हणायले, तेव्हा तू दारात उभा होतास. तुझ्या चपला मला ओळखू येतेत. मी वाट बघत होते की हा आता बोलंल, आता बोलंल. तू नाय बोललास."

"नोकरी जाईल अशी भीती वाटली गं."

"माझी जायली होती, ते तुला दिसत होतं ना? तुला तर दिसतंय."

विशाखाबाईंनी अभिमानानं पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

सर्जेराव सर फाटकापर्यंत गेले आणि रिक्षावाल्याला परत पाठवून आले. येता येता दारात थांबले. माफी मागायची सवय त्यांना नव्हती, त्यामुळं शब्द सापडेनात.

"श्रेया," ते शेवटी म्हणाले, "ते सामान सोडून ठेव. उगाच कपड्यांना चुण्या पडतील."

"बांधलंच नव्हतं, सर," श्रेया म्हणाली. "बाईंनी वेळ मागितला होता ना."

आकाशचं काय करायचं ते नंतर बघू, असं सर म्हणाले. इंद्रजीतनं खिळा काढला, चुरगळलेला पत्रा मागून ठोकून सपाट केला, भोक लाखेनं बुजवून घासलं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. समुद्र पुन्हा समुद्र झाला होता, फक्त एका जागी लाखेचा कडक ठिपका नखाला लागत होता. नख न लावता कळला नसता.

तोवर श्रेयानं बाकीचे सगळे खिळे तपासून काढले, आणि समिती आली. तिच्या अध्यक्ष करुणाताई म्हणून एक वयस्क बाई होत्या, स्वतः अंध, काठी टेकत आलेल्या. बाकीचे सदस्य नकाशा बघत होते आणि छान छान म्हणत होते. करुणाताईंनी काठी बाजूला ठेवली आणि मुकाट्यानं देशभर बोटं फिरवली. फार सावकाश. पुरीवरून समुद्रात उतरल्या. थांबल्या. नखानं टकटक केलं.

"इथं काय होतं?"

सर्जेराव सरांचा श्वास बाईंना ऐकू आला. एखादी थाप मारून वेळ मारून नेणं अगदी सोपं होतं. बाईंनी तोंड उघडलं, पण श्रेया त्यांच्या आधी बोलली.

"तिथं चुकीचा खिळा होता, ताई. आज सकाळीच सापडला. कसा चुकला ते शोधून काढलं, मग उपटला. बाकीचे सगळे खिळे मी पुन्हा एकदा तपासलेत. हवं तर आत्ता तुमच्यासमोर तपासते."

"कुठल्या शहराचा होता?"

"शहर नाय. माझं गाव. पाचोड."

"मग ते कुठं आहे, खरं?"

श्रेयानं त्यांचा हात धरला. बंगालच्या उपसागरातून वर काढला, ओडिशातून, विदर्भातून, खिळ्यांवरून अलगद नेत मराठवाड्यात आणला. संभाजीनगरच्या खिळ्यापाशी थांबली. मग त्यांचं बोट एक बोट उजवीकडं सरकवलं, एक बोट खाली, आणि तिथं सपाट पत्र्यावर टेकवलं.

"इथं," ती म्हणाली. "खिळा नाय. पण गाव हाय."

करुणाताईंचं बोट त्या मोकळ्या जागेवर तसंच राहिलं, आणि बराच वेळ त्यांनी ते उचललं नाही. मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "सर्जेराव सर, या मुलीच्या नेमणुकीवर सही कुठं करायची?"